परदेशचा सौदा, घरचे राजकारण



ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पऱ्हाटीला पात्या-फुले असतात, लवकरच्या पेऱ्याला बोंडे धरू लागलेली असतात. बियाणे, खत, निंदण, डवरणी, फवारणी हा बहुतेक खर्च मातीत गेलेला असतो आणि घरात अजून बोंडभर कापूस आलेला नसतो. २०२५ साली नेमक्या याच वेळी, १८ ऑगस्टला, केंद्र सरकारने अधिसूचना काढली आणि परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क दुसऱ्या दिवसापासून शून्यावर आणले. मुदत आधी ३० सप्टेंबरची होती. दहाच दिवसांत ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. सीतादही करून पहिली वेचणी घरात येते तेव्हापासून, उसनवारी आणि दुकानदाराची उधारी फेडण्यासाठी कोरडवाहू शेतकरी कापूस विकून मोकळा होतो तोपर्यंतचा बहुतेक सगळा काळ त्या मुदतीत बसला.

त्याच्या अकराच दिवस आधी, ७ ऑगस्टला, दिल्लीत डॉ. स्वामिनाथन यांच्या जन्मशताब्दीच्या परिषदेत पंतप्रधानांनी सांगितले होते की शेतकरी, पशुपालक आणि मच्छीमार यांच्या हिताशी भारत तडजोड करणार नाही. दुधाच्या बाबतीत तो शब्द त्या वेळी पाळलाही गेला. कापसाच्या बाबतीत तो अकरा दिवस टिकला.

सांगण्यात आले ते असे: अमेरिकेने भारतीय मालावर २७ ऑगस्टपासून ५० टक्के शुल्क लावायचे ठरवले आहे, सूतगिरण्या आणि तयार कपड्यांचे कारखाने अडचणीत आहेत, त्यांना कच्चा माल स्वस्त मिळाला पाहिजे. हे उत्तर खोटे नाही, अर्धे आहे. अमेरिकेचा घाव कपड्यावर होता. कपडेवाल्याला सावरायचे तर व्याजात सूट देता येते, कर परत करता येतो, कामगारांच्या पगाराचा काही भार तिजोरीने उचलता येतो. ते न करता पहिला हात कापूसवाल्याच्या खिशाला का लागला? या प्रश्नाचे उत्तर वॉशिंग्टनला विचारून मिळणार नाही. ते दिल्लीत आहे, आणि थोडेसे आपल्या स्वतःच्या तालुक्यातही आहे.

बैलबाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा कसा होतो ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. घेणारा मध्येच हात सोडतो आणि म्हणतो, ‘मला पटतंय हो, पण घरी विचारल्याबिगर जमायचं नाही.’ कधी ते खरे असते. घरी कारभारीण खरोखरच पै-पैचा हिशोब मागणारी असते. कधी तो नुसता डाव असतो, पण डाव लागू पडतो तो घरात कोणीतरी बोलणारे आहे हे समोरच्याला माहीत असते म्हणून. ज्याच्या घरात कोणी बोलणारेच नाही, त्याला हे वाक्य वापरता येत नाही. समोरचा हसतो आणि भाव पाडतो. देशादेशांतले व्यापाराचे सौदे याच रीतीने होतात. रॉबर्ट पुटनम नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९८८ साली याच गोष्टीवर मोठा निबंध लिहिला आणि तो जगभर गाजला. आमच्याकडच्या एखाद्या बाजारात दोन दिवस बसले असते तर त्यांचे काम लवकर आटोपले असते.

आता अमेरिकेच्या घरात कोण बोलतो ते पाहू. टेक्सास राज्यात लबक नावाचे शहर आहे. त्याच्या भोवतालचा मुलूख उंच पठाराचा, कमी पावसाचा. पिके दोन मुख्य: कापूस आणि ज्वारी, त्यातला मोठा भाग कोरडवाहू. म्हणजे माणसे आपल्याच जातीची, आभाळाकडे बघणारी. २००२ साली अमेरिकेचा शेती कायदा झाला तेव्हा तिथल्या कनिष्ठ सभागृहाच्या शेती समितीचे अध्यक्ष लॅरी कॉम्बेस्ट हे याच भागाचे खासदार होते. त्या काळात सगळ्या अमेरिकेत कापूस पिकवणारे होते सुमारे २५ हजार. आपल्याकडे एका जिल्ह्यात त्याहून अधिक असतील. पण ब्राझीलने पुढे जागतिक व्यापार संघटनेत मांडलेल्या हिशोबाप्रमाणे १९९९ ते २००३ या चार हंगामांत या मूठभर उत्पादकांच्या कापसापोटी अमेरिकेच्या तिजोरीने सुमारे १२.५ अब्ज डॉलर दिले आणि त्या कापसाची बाजारातली किंमत होती सुमारे १४ अब्ज डॉलर. शंभराच्या कापसामागे नव्वदाच्या आसपास सरकारी पैसा!

२५ हजार मते म्हणजे तिथल्या निवडणुकीत चिमूटभर मीठही नव्हे. मग हे होते कसे? तिथल्या वरिष्ठ सभागृहात प्रत्येक राज्याला दोनच जागा असतात, राज्य केवढेही असो. त्यामुळे विरळ वस्तीच्या शेतीराज्यांचे वजन लोकसंख्येच्या मानाने कितीतरी जास्त पडते. दुसरे, १९७३ पासून गरिबांच्या अन्नकुपनांची योजना आणि शेतीची मदत एकाच कायद्यात बांधलेली आहे. न्यूयॉर्क-शिकागोच्या खासदाराला कुपने हवी असतात, टेक्सास-मिसिसिपीच्या खासदाराला कापसाचा पैसा हवा असतो. दोघे एकमेकांच्या कलमाला हात वर करतात. तिसरे, कापसाचा शेतकरी, जिनवाला, व्यापारी, गोदामवाला आणि गिरणीवाला हे सगळे तिथे एकाच संघटनेत बसतात. आपापसांत काय भांडायचे ते आत भांडतात आणि सरकारपुढे एका तोंडाने बोलतात. हे तिसरे कारण आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण पहिली दोन अमेरिकेच्या राज्यघटनेची आणि इतिहासाची आहेत. तिसरे माणसांनी बसून केलेले आहे.

या पैशामुळे अमेरिकेचा कापूस खर्चाच्या खाली विकला जाऊ लागला आणि जगातले भाव दबले. ब्राझीलच्या कापूस उत्पादकांनी आपल्या सरकारच्या मागे लागून, वकिलांच्या खर्चाला स्वतः हात लावून, २००२ च्या सप्टेंबरात फिर्याद लावली. २००४ ला निकाल लागला, २००५ च्या मार्चमध्ये अपिलातही ब्राझील जिंकले. अमेरिकेने एक योजना २००६ साली बंद केली आणि बाकीच्या चालू ठेवल्या. तेव्हा लवादाने २००९ साली ब्राझीलला प्रतिकाराची परवानगी दिली. २०१० च्या मार्चमध्ये ब्राझीलने १०२ अमेरिकन वस्तूंची यादी जाहीर केली, त्यांवर जादा शुल्क लावू म्हणून सांगितले, आणि औषधांच्या पेटंटला व सिनेमा-संगीताच्या हक्कांनाही हात घालू असा इशारा दिला. आता औषध कंपन्या जाग्या झाल्या, सिनेमावाले जागे झाले. कापसाच्या न्यायाशी त्यांना देणेघेणे नव्हते, पण त्यांच्या घराला झळ लागणार होती.

मग जो तोड निघाला तो आमच्या वाचकांनी दोनदा वाचावा. अमेरिकेने ब्राझीलच्या कापूस उत्पादकांच्या संस्थेला वर्षाला १४.७३ कोटी डॉलर द्यायचे कबूल केले. पुढे २०१४ च्या ऑक्टोबरात आणखी ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण कायमचे मिटवले. म्हणजे आपल्या कापूसवाल्याला पैसा देणे थांबवण्यापेक्षा परदेशच्या कापूसवाल्यालाही पैसा देणे अमेरिकन सरकारला सोपे वाटले! ज्यांनी याच प्रश्नावर २००३ साली आवाज उठवला त्या पश्चिम आफ्रिकेच्या बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड या चार देशांना असे काही मिळाले नाही. त्यांची बाजू ब्राझीलइतकीच खरी होती. पण त्यांच्या हातात अशी एकही वस्तू नव्हती जिच्यामुळे अमेरिकेत कोणाच्या घराला झळ लागावी.

आणि गोष्ट इथे संपत नाही. २०१४ च्या अमेरिकन कायद्यात रुईला नेहमीच्या भाव-हमीतून वगळले होते, ब्राझीलच्या खटल्याचा मान राखून. २०१८ च्या फेब्रुवारीत एका अंदाजपत्रकी कायद्यात तीच हमी परत आणली गेली. फक्त या वेळी रुईऐवजी सरकीसकट कापसाला. जिनमध्ये जाण्याआधीचा माल आणि जिनमधून निघालेला माल यांतला फरक आपल्याला कोणी शिकवायला नको, पण त्या फरकातून अब्जावधी डॉलर निघू शकतात हे मात्र लबककडून शिकावे. २०२५ च्या जुलैमध्ये या हमीचा दर पाऊंडाला ३६.७ सेंटवरून ४२ सेंटवर गेला.

ज्वारीवाल्यांनाही एक गोष्ट सांगायची आहे. २०१८ साली ट्रम्प सरकारने चीनच्या मालावर शुल्के लावायला सुरुवात केली. चीनने उत्तरादाखल हात कुठे घातला? १७ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकन ज्वारीवर १७८.६ टक्के अनामत जाहीर केली. ज्वारी भरून निघालेली जहाजे समुद्रात तोंड फिरवून दुसरे गिऱ्हाईक शोधू लागली. ज्वारीच का? कारण ती कॅन्सस आणि टेक्सासात पिकते, म्हणजे ट्रम्प यांच्या मतदारांच्या शेतात. चीनने नेम धरला तो अमेरिकेच्या घरातल्या राजकारणावर. पण महिनाभरात, १८ मे रोजी, चीनने ती चौकशी मागे घेतली, आणि कारण दिले की त्यामुळे आपल्याच ग्राहकांचा खर्च वाढेल. ज्वारी तिथे डुकरांना आणि बदकांना घालतात, मद्यालाही लागते. चारा महागला की मांस महागते. चीनमध्ये मतपेटी नाही, तरी घर तिथेही आहेच.

त्या भांडणात अमेरिकन शेतकऱ्याचे जे नुकसान झाले त्यापोटी सरकारने २०१८ साली १२ अब्ज आणि २०१९ साली १६ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली. कापूस आणि ज्वारी दोन्ही तीत होते. इथे थांबून तुलना करा. अमेरिकेत व्यापारधोरणाचा फटका शेतकऱ्याला बसला तर तिजोरी भरून देते. आपल्याकडे व्यापारधोरणाचा फटका गिरणीला बसला तर शेतकरी भरून देतो.

हे काही २०२५ चे नवल नाही. २०१० च्या एप्रिलमध्ये कापसाच्या निर्यातीची नोंदणी थांबवली गेली. पुढच्या हंगामात निर्यातीला ५५ लाख गाठींची मर्यादा घातली. आणि याच हंगामात, २०११ च्या मार्चमध्ये, जगात रुईचा भाव पाऊंडाला २ डॉलरच्या वर गेला, जो त्याआधी कधी कोणी पाहिला नव्हता. आपल्या सगळ्यांच्या आयुष्यातली जी एकच मोठी सुगी होती, तिच्या दारात आपल्याच सरकारने अडसर घातला, कारण सूत महागले होते आणि गिरण्यांची ओरड दिल्लीत ऐकू गेली होती.

२०१२ ची हकीगत वेगळी आहे आणि अभ्यासण्यासारखी आहे. ५ मार्चला निर्यातबंदी आली. कृषिमंत्री शरद पवार यांनी आपल्याला विचारलेच नव्हते असे उघडपणे सांगितले. गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांनी पंतप्रधानांना निषेधाचे पत्र लिहिले. गुजरातेतल्या काँग्रेसलाही गप्प बसणे परवडणारे नव्हते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथे विधानसभेची निवडणूक होती. आठवड्याच्या आत बंदी मागे घ्यावी लागली. चीननेही तक्रार केली होती, पण आमचे मत असे की बंदी उठली ती चीनच्या तक्रारीने नव्हे. सत्तेतला मित्रपक्ष, विरोधी पक्षाचे राज्य सरकार, निर्यातदार आणि कापूस उत्पादक हे चौघे त्या एका आठवड्यात एकाच बाजूला उभे होते म्हणून उठली. असा योग विदर्भ-मराठवाड्याच्या वाट्याला क्वचित येतो. कांद्याचे बघा: डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदी उठली ४ मे २०२४ ला, नाशिक-दिंडोरीच्या मतदानाला पंधरा-सोळा दिवस उरले असताना. त्या पंधरवड्यात कांद्याविषयीचे अर्थशास्त्र बदलले होते असे कोणी म्हणत असेल तर म्हणो.

कापसाच्या बाजूने फार जुना एक दाखलाही आहे. १८९६ साली इंग्रज सरकारने हिंदुस्थानातल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसवला. विलायती कापडावर तेवढेच आयात शुल्क होते, आणि लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचे म्हणणे होते की मग मुंबईच्या कापडावरही तेवढा भार पाहिजे. लँकेशायरला मते होती, मुंबईला नव्हती. तो कर जायला १९२५-२६ उजाडले. त्या वेळी मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांनी अन्यायाविरुद्ध जे बोलून दाखवले ते सगळे बरोबर होते. आज कापसाच्या प्रश्नावर लँकेशायरच्या खुर्चीत कोण बसले आहे, ते त्यांच्या वारसांनी पाहावे.

आता गिरणीवाल्यांची बाजूही नीट ऐकली पाहिजे, कारण गिरणी बंद पडली तर रुई घेणार कोण? त्यांचे म्हणणे दोन प्रकारचे असते. एक, लांब धाग्याचा कापूस आपल्याकडे पुरेसा होत नाही. हे खरे आहे. पण ३२ मिलिमीटरहून लांब धाग्यावरचे शुल्क फेब्रुवारी २०२४ मध्येच काढले होते. ऑगस्ट २०२५ ची सूट होती ती उरलेल्या कापसाला, म्हणजे तुमच्या-आमच्या शेतातल्या कापसाशी थेट टक्कर देणाऱ्याला. दुसरे म्हणणे असे की जगाच्या बाजारात कापड विकायचे तर कापूस जगाच्या भावाने मिळाला पाहिजे. आम्ही या म्हणण्याला नाही म्हणत नाही. आमचे एवढेच विचारणे आहे की जगाचा भाव वर असतो तेव्हा हे तत्त्व कुठे जाते? २०१० साली दार बंद आणि २०२५ साली दार उघडे; दोन्ही वेळा दारावर हात गिरणीचाच. शिवाय ज्या तणनाशक-सहनशील बियाण्यातून अमेरिका-ब्राझीलचा कापूस येतो त्या बियाण्याला २०२५ सालीही आपल्याकडे मंजुरी नव्हती. त्या बियाण्याची रुई बंदरातून आत यायला हरकत नाही, ते बियाणे आपल्या वखराखाली यायला मात्र हरकत!

सरकार म्हणते, आधारभूत किंमत आहेच की. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये जाहीर झाले होते. पण ती किंमत ज्याच्या पदरात पडते त्याच्यासाठीच ती आहे. खरेदी केंद्र केव्हा उघडते, मोबाईलवर नोंदणी होते का, ओलावा बारा टक्क्यांच्या आत बसतो का, केंद्रापर्यंत गाडीभाडे परवडते का, यातून जो गळतो तो गावातल्या खेड्या-खरेदीवर कापूस घालतो. आणि तिथला व्यापारी भाव सांगतो तो बंदरावर रुई काय भावाने उतरते ते पाहून.

आता आपल्या घराकडे. देशात कापूस पिकवणारी कुटुंबे साठ लाखांच्या घरात आहेत असे सरकारच सांगते. सूतगिरण्यांची संख्या त्यापुढे काहीच नाही. तरी गिरण्यांचे निवेदन चार दिवसांत मंत्र्यांच्या टेबलावर जाते. कारण अकरा टक्के म्हणजे आपले नेमके किती हे प्रत्येक गिरणीला माहीत असते आणि ते मिळवायला खर्च करणे तिला परवडते. आपल्याकडे एका घराचे नुकसान काही हजारांचे. ते मोजायला कोणी बसत नाही, दुष्काळ आणि बोंडअळीच्या खात्यात ते मुरून जाते. खासदाराला आपण रस्ता विचारतो, वीज विचारतो, विम्याची भरपाई विचारतो. आयात शुल्काचे विचारत नाही. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कोणताही खासदार देत नाही, आणि दिल्लीत वाटाघाटीला बसणाऱ्या अधिकाऱ्याला ‘घरी विचारल्याबिगर जमायचं नाही’ असे म्हणता येत नाही.

जिल्हा बैठकीपुढे म्हणून आम्ही एकच ठराव ठेवत आहोत. कापसाच्या आयातशुल्कात आणि निर्यातीच्या नियमात कोणताही बदल करायचा तर तो पेरणीआधी, ३१ मेपर्यंत जाहीर व्हावा, आणि एकदा जाहीर झालेला नियम पुढच्या ३० सप्टेंबरपर्यंत बदलू नये. शुल्क असावे की नसावे यावर आपल्यात दोन मते आहेत हे आम्हाला ठाऊक आहे. ज्यांना खुला व्यापार हवा त्यांना आणि ज्यांना संरक्षण हवे त्यांना, दोघांनाही या ठरावावर सही करता येईल. जिनवाले आणि निर्यातदार यांनाही बोलवा. २०१२ साली ते आपल्या बाजूला होते.

ठरावाला हिशोब जोडायचा आहे. प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या भागातल्या कापूस विक्रीच्या पावत्या गोळा कराव्यात: १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर २०२४ च्या आणि १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर २०२५ च्या. पावतीवर तारीख, वजन, भाव आणि खरेदी केंद्रावर घातला की व्यापाऱ्याला, एवढे स्पष्ट दिसले पाहिजे. कच्ची चिठ्ठी असेल तर तीही चालेल, फेकू नका. पावत्यांच्या झेरॉक्स तालुकावार गठ्ठे बांधून बैठकीच्या दिवशी सकाळी अकराच्या आत आणाव्यात. बेरजेला माणसे बसवली आहेत.